बोटीचं इंजिन तापतंय: आधी इम्पेलर बघायचा की थर्मोस्टॅट?

धडगाव, अक्कलकुव्याकडे नर्मदेच्या बॅकवॉटरला आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) चालवणाऱ्यांनी इनटेकची (इंजिन पाणी आत ओढतं त्या तोंडाची) जाळी साफ करून आधी इम्पेलरच (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बघा भाऊ, कारण पावसाळ्यात गाळ ओढून ओढून रबराची पाती झिजतात, आणि पाण्याबाहेर थोडा वेळ जरी इंजिन चालवलं तरी जळतात, मग इंजिनातून मागे पडणारी पाण्याची धार बारीक होते. पातं तुटलेलं निघालं तर तुकडा शोधाच, तो आत अडकला की नवीन इम्पेलर टाकूनही तापणारच. थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की उघडून पाणी फिरू देणारी झडप) खोलायला सोपा, गरम पाण्यात टाकून उघडतो का तेही घरीच कळतं, पण धार जोरात असून इंजिन तापत असेल तेव्हाच त्याच्यावर संशय घ्या. काही जण तो काढूनच टाकतात, प्लीज नका करू, इंजिन नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त खातं.