अकरा दिवसांत अंटार्क्टिका: आमचे १४,३०६ डॉलर कसे गेले

आधी आकडा सांगून टाकतो, कारण तो सांगायची लाज वाटते म्हणूनच अशा टोळ्यांचे फावते. अंटार्क्टिकाच्या मोहीम-सफरीच्या नावाखाली माझे आणि माझ्या पत्नीचे मिळून १४,३०६ अमेरिकी डॉलर गेले. त्यांत २,७२० डॉलर आगाऊ रक्कम होती, १०,३३६ डॉलर उरलेले भाडे होते, ९०० डॉलर बर्फावर उतरण्याच्या तथाकथित परवान्यासाठी होते आणि गेलेले पैसे परत मिळवण्याच्या नादात घालवलेले ३५० डॉलर होते. मी ३१ वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे, हेही येथेच नमूद करतो. पुढचे वाचल्यावर हा तपशील मला सर्वांत जास्त का बोचतो ते कळेल.

अशा सापळ्यांची सर्वसाधारण रीत वाचकांना ठाऊक असते आणि मलाही ती ठाऊक होती, म्हणूनच ‘इतके स्वस्त मिळते आहे म्हणजे काळेबेरे असणार’ एवढी शंका घेण्याइतका शहाणपणा माझ्यापाशी नक्कीच होता. अडचण अशी की हा प्रस्ताव स्वस्त वाटला नाही. माणशी ६,८०० डॉलर हा दर अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या दहा-अकरा दिवसांच्या सफरीसाठी आवाक्याबाहेरचाही नसतो आणि हास्यास्पदही नसतो. अर्जेंटिनातील उशुआया बंदरातून नोव्हेंबर ते मार्च या हंगामात जहाजे सुटतात आणि रिकाम्या राहिलेल्या केबिन शेवटी कमी दरात विकल्या जातात, हेही खरेच आहे. मी चार कंपन्यांचे दर वहीत उतरवले होते आणि हा दर त्यांच्या खालच्या टोकाशी बसत होता. मला लोभी म्हणणाऱ्या नातेवाइकांनी ती वही पाहावी.

शिवाय सफर कंपनीच्या वतीने माझ्याशी बोलणारा माणूस अत्यंत जाणकार होता. ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिकेचे टोक आणि अंटार्क्टिका यांच्यामधला समुद्र, ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात आणि त्या दोन दिवसांत समुद्र कसा उसळतो, झोडियॅक या रबरी बोटीतून उतरताना खलाशाला हात न देता मनगटाला मनगट कसे धरायचे, किनाऱ्यावर जाण्यापूर्वी आणि परतल्यावर बूट का धुवावे लागतात, बाहेरून आणलेले गवताचे बी तेथील जमिनीवर पडू नये म्हणून कपड्यांचे खिसे आणि शिवणी कशा साफ कराव्या लागतात, हे सारे त्याने न विचारता सांगितले. आमच्या जाकिटांची मापे घेतली, डॉक्टरांच्या सहीचा आरोग्याचा फॉर्म भरून घेतला. त्याने सांगितलेल्या शंभर गोष्टींपैकी ९८ खऱ्या होत्या, म्हणून उरलेल्या दोन मी तपासल्या नाहीत. माहितीपत्रकावर अंटार्क्टिकातील पर्यटन-आयोजकांच्या आयाटो या आंतरराष्ट्रीय संघटनेचे बोधचिन्ह होते. ही संघटना १९९१ मध्ये सात कंपन्यांनी स्थापन केली आणि तिची सदस्ययादी कोणालाही पाहता येते. मी बोधचिन्ह पाहून समाधान मानले, यादी उघडली नाही. बोधचिन्ह कोणीही चिकटवू शकतो. यादीत नाव मात्र चिकटवता येत नाही.

आता तो क्षण, ज्याची उजळणी मी रोज रात्री करतो. उरलेले भाडे एकरकमी भरल्यास पाच टक्के सूट मिळणार होती, म्हणजे १०,८८० ऐवजी १०,३३६ डॉलर. त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून पत्नीला मार्ग समजावून सांगत होतो. पेन्सिलीने रेघ ओढत गेलो: उशुआयाहून फॉकलंड बेटे, तेथून राजा पेंग्विनांच्या वसाहतींसाठी दक्षिण जॉर्जिया, तेथून अंटार्क्टिक द्वीपकल्प, आणि ड्रेक पॅसेजमधून परत उशुआया. तिने रेघेकडे पाहिले आणि विचारले, “अहो, एवढं सगळं अकरा दिवसांत होतं?” मी म्हणालो, “त्यांचा रोजचा धंदा आहे, तुला जहाजातलं काय कळतं?” ती उठून भांडी आवरायला गेली.

पट्टी त्याच टेबलावर पडली होती. ती उचलून रेघ मोजली असती, तर हा फेरा साडेचार हजार किलोमीटरांच्या पुढे जातो हे दोन मिनिटांत दिसले असते. अशी जहाजे बारा-तेरा नॉटने, म्हणजे ताशी बारा-तेरा सागरी मैलांनी चालतात. बारा नॉट धरले तर चोवीस तासांत सुमारे ५३० किलोमीटर. म्हणजे कोठेही न थांबता नुसते चालत राहायलाच साडेआठ दिवस. पहिल्या दिवशी जहाज संध्याकाळी सुटते आणि शेवटच्या दिवशी सकाळी बंदराला लागते, ते वजा केले तर तीन ठिकाणच्या उतरण्यासाठी उरला जेमतेम दीड दिवस. खऱ्या कंपन्या हाच मार्ग अठरा ते बावीस दिवसांत करतात आणि त्याचे भाडेही त्याच हिशेबाने घेतात. सातवीच्या मुलांना नकाशाच्या प्रमाणावरून अंतर काढायला मीच शिकवत असे आणि एकक लिहायचे विसरले तर अर्धा गुण कापत असे.

त्याच रात्री मी पैसे पाठवले. खातेदाराचे नाव सफर कंपनीचे नव्हते. बांधकाम साहित्याच्या व्यापारासारखे वाटणारे, भलत्याच देशातले ते नाव होते. विचारल्यावर उत्तर आले की ध्रुवीय सफरींची रक्कम तिसऱ्या संस्थेकडे विश्वस्त म्हणून ठेवावी लागते, म्हणजे कंपनी बुडाली तरी प्रवाशाचे पैसे सुरक्षित राहतात. अशी विश्वस्त खाती खरोखरच असतात, म्हणून मला ते पटले. कोणी कार्डाने पैसे घ्यायला नकार देत असेल तर तेथेच थांबावे. कार्डाच्या व्यवहारावर निदान हरकत घेता येते. परदेशी खात्यात थेट पाठवलेली रक्कम म्हणजे ओंजळीतून सांडलेले पाणी.

नंतर ९०० डॉलरांची मागणी आली. कारण असे दिले की अंटार्क्टिक करारानुसार प्रत्येक प्रवाशाला किनाऱ्यावर उतरण्यासाठी ४५० डॉलरांचा वैयक्तिक परवाना लागतो. करार खरा आहे. त्यावर १ डिसेंबर १९५९ रोजी सह्या झाल्या. पर्यावरण संरक्षणाचा १९९१ चा माद्रिद जोडकरारही खरा आहे आणि परवानगी लागते हेही खरे आहे. फक्त ती परवानगी सफरीचा आयोजक त्याच्या देशाच्या अधिकृत यंत्रणेकडून घेतो; आयोजित सफरीतल्या प्रवाशाने फोनवरून आलेल्या खाते क्रमांकावर पैसे भरून ती मिळत नाही. त्याच माहितीपत्रकात ‘सर्व १८० प्रवासी एकत्र किनाऱ्यावर’ अशी ओळही होती. एका ठिकाणी एका वेळी शंभराहून अधिक प्रवासी उतरवायचे नाहीत, असा नियम आहे आणि खरी जहाजे म्हणूनच गट पाडून पाळीपाळीने उतरवतात. ती ओळ वाचून ‘वा, सगळ्यांची सोबत’ असे मी म्हणालो होतो.

चौथी मागणी ३,००० डॉलरांची होती, ‘परतावा मिळणारी बचाव अनामत’. सोबत एक्सप्लोरर या जहाजाची माहिती जोडली होती. ते जहाज नोव्हेंबर २००७ मध्ये किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फ लागून बुडाले आणि त्यावरील सर्व १५४ जणांना वाचवण्यात आले, ही घटना खरीच आहे. खऱ्या बुडालेल्या जहाजाची भीती घालून नसलेल्या जहाजासाठी अनामत मागायची, ही त्यांची युक्ती होती. पण तेथून आजारी माणसाला हलवण्याचा खर्च विम्यातून भागतो आणि तो विमा प्रवाशाने स्वतः विमा कंपनीकडून घ्यायचा असतो, एवढे मला ठाऊक होते. विमा आधीच काढला आहे असे मी कळवले. त्यानंतर उत्तर आले नाही, फोन लागला नाही आणि नवव्या दिवशी संकेतस्थळ दिसेनासे झाले.

तेव्हा कुठे मी भिंग घेऊन बसलो. जहाजाच्या छायाचित्रात नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लिहिलेले नाव अगदी सरळ रेषेत होते, पोलादी पत्रा मात्र वळलेला. खरी अक्षरे पत्र्याबरोबर वळली असती. ही नंतर वरून चिकटवलेली होती. माहितीपत्रकाच्या तळाशी जहाजाचा आयएमओ क्रमांक, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पद्धतीचा ओळख क्रमांक, छापला होता: ९४१७२६५. या सात आकडी क्रमांकाची खूण अशी की पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणून बेरीज केली की बेरजेचा शेवटचा आकडा हाच सातवा आकडा असावा लागतो. येथे बेरीज होते ६३ अधिक २४ अधिक ५ अधिक २८ अधिक ६ अधिक १२, म्हणजे १३८. शेवटी ८ हवा होता, छापला होता ५. असा क्रमांक कोणत्याही जहाजाचा असूच शकत नाही. हा हिशेब करायला मला एक मिनिट लागले, पैसे गेल्यानंतर.

यापुढचा भाग मात्र माझ्या मूर्खपणाचा नाही आणि तो मी शांतपणे लिहू शकणार नाही. बँकेने पहिल्याच दिवशी सांगितले की व्यवहार मी स्वतः मंजूर केला असल्यामुळे बँकेकडे दोष येत नाही. खातेदार आणि कंपनी यांची नावे वेगळी असल्याचे मला तेव्हा खटकले होते. दहा हजार डॉलर बाहेर जाताना बँकेतल्या कोणालाच ते का खटकले नाही, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. रक्कम परत मागवण्याची विनंती समोरच्या बँकेला धाडण्यासाठी अर्ज केला, तो ‘चुकीचा नमुना’ म्हणून सहा दिवसांनी परत आला. योग्य नमुन्यात पुन्हा दिला, तोवर समोरचे खाते रिकामे झाले होते. समोरच्या बँकेला मी थेट लिहिले. आपण आमचे ग्राहक नाही, असे एका ओळीचे उत्तर आले. ज्याने मला लुटले तो त्यांचा ग्राहक, म्हणून त्याची गुप्तता जपायची आणि मी ग्राहक नाही म्हणून माझ्याशी बोलायचे नाही!

पोलीस ठाण्यात गुन्हा कोठे घडला हा प्रश्न तीन भेटींत सुटला नाही. पैसे एका देशातून गेले, खाते दुसऱ्या देशात, कंपनीचा पत्ता तिसऱ्या देशात आणि सफर कोणत्याच देशात नाही. ऑनलाइन अर्जात ‘घटनेशी संबंधित देश’ हा रकाना सक्तीचा होता आणि यादीत अंटार्क्टिका नव्हते. मी अधिकाऱ्यांना सांगितले की तो खंड कोणत्याही एका राष्ट्राच्या मालकीचा नाही. ते म्हणाले, “मग तक्रार कशी घेणार? काहीतरी निवडा.” मी अर्जेंटिना निवडले. पाच आठवड्यांनी तक्रार फेटाळल्याचे कळले, कारण अर्जेंटिनाशी व्यवहाराचा संबंध सिद्ध होत नाही. दुरुस्ती करून पुन्हा दाखल केली, तेव्हा तीच तक्रार आधी नोंदलेली असल्याने दुसरी घेता येत नाही, असे उत्तर मिळाले. संकेतस्थळाचे नाव ज्या कंपनीने नोंदवून दिले तिचे म्हणणे, आम्ही फक्त नावे नोंदवतो. ते नाव मला आलेल्या पहिल्या संदेशाच्या जेमतेम सात आठवडे आधी नोंदलेले होते, तर माहितीपत्रकात ‘वीस वर्षांची परंपरा’ छापली होती. नोंदणीची तारीख कोणालाही फुकट पाहता येते. पैसे देण्यापूर्वी पाहावी.

या धावपळीतच ‘गमावलेली रक्कम परत मिळवून देणाऱ्या’ एका सल्लागाराचा संदेश आला. माझे १३,९५६ डॉलर गेले आहेत हे त्याला डॉलरच्या अचूकतेने ठाऊक होते. तो आकडा मी तोपर्यंत बँक आणि पोलीस यांच्याशिवाय कोणालाही सांगितला नव्हता, आणि तिसरे ठाऊक असणारे फक्त चोरच होते. हे मला कळायला हवे होते. पण सरकारी टोलवाटोलवीने इतका थकलो होतो की माझे म्हणणे चाळीस मिनिटे न तोडता ऐकून घेणारा तो पहिलाच माणूस ठरला, आणि मी ‘नोंदणी शुल्क’ म्हणून ३५० डॉलर दिले. हे पत्नीला मी दोन आठवडे सांगितले नव्हते. आधी शुल्क घेऊन बुडालेले पैसे काढून देणारा कोणीही खरा नसतो.

कागदपत्रे मात्र जपून ठेवा, संकेतस्थळ उघडे आहे तोवरच त्याच्या प्रत्येक पानाची छायाचित्रे घ्या. माझ्याकडे फक्त माहितीपत्रक होते म्हणून निदान तो क्रमांक हाती राहिला. ९ फेब्रुवारी, आमच्या जहाजाची सुटण्याची तारीख, उलटून गेल्यावर गेल्या आठवड्यात मी तो क्रमांक सहज शोधला आणि एक नवे संकेतस्थळ सापडले. कंपनीचे नाव वेगळे, जहाजाचे नाव वेगळे, पण छायाचित्र तेच आणि नाळेवरची अक्षरे तशीच सरळ. दर ६,४०० डॉलरवर आणला आहे. मार्ग तोच चार टप्प्यांचा, दिवस अकराच. मी तातडीने कळवले, तर उत्तर आले की या विषयाची तक्रार बंद झालेली आहे. क्रमांक चोरांनी अजून दुरुस्त केलेला नाही: ९४१७२६५.