नवीन चौकोनी फॅमिली पॅक: ५ महिने खाऊन झाल्यावर

आम्ही नौपाड्यातले, महिन्याला आइस्क्रीमचे दोन फॅमिली पॅक ठरलेले, त्यामुळे चव वगैरे काही सांगत बसत नाही, ती तुम्हाला माहितीये. मी लिहितोय ते झाकणाबद्दल. मध्यंतरी फ्रीझर उघडला तर अर्धा उरलेला राजभोग वरून पांढरा खरखरीत बर्फ झालेला आणि वास कसला तर शेजारच्या सुरमईचा! जुना गोल प्लास्टिकचा डबा होता तेव्हा एकदाही असं झालं नाही. आता पुठ्ठ्याचा बॉक्स, एकदा उघडला की झाकणाची पट्टी परत खाचेत बसतच नाही, बसली तरी फट राहतेच.

आधी वाटलेलं माल पण कमी केला, कारण चौकोनी बॉक्स हातात लहान वाटतो हो. म्हणून बायकोच्या केकच्या काट्यावर ठेवला. आइस्क्रीम मिलीवर विकतात म्हणजे हवा भरायला मोकळीक, पण नियमाने लिटरला किमान ५२५ ग्रॅम लागतं, म्हणजे ७०० मिलीला साधारण ३६८. रिकामा बॉक्स वजा करून ३८१ भरलं. बरं, तो आरोप मागे.

मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं हे खूळ कोणाचं, तर म्हणे "आमचंच! कंपनीची माणसं विचारायला आलेली, आम्हीच सांगितलं." गोल डब्यांच्या मधली जागा फुकट जायची, आणि डीप फ्रीझरमध्ये आपण बघतो वरून, नाव मात्र डब्याच्या पोटावर, मग गिऱ्हाईक काच सरकवून एकेक डबा उचलून बघणार, तोवर वरचे मऊ. वितळून परत गोठलं की ती कचकच लागते ना, ती त्याचीच. आता नाव वर, मोठ्ठं, काचेतूनच दिसतं. आणि खरंच, यंदा मे महिन्यात एकही पॅक कचकचीत निघाला नाही. मान्य.

पण माझ्या घरातल्या फ्रीझरचं काय? कस्टमर केअरला फोन केला तर त्यांनी फॉर्म पाठवला: रंग आवडला का, फोटो बघून खावंसं वाटतं का, १ ते ५ मध्ये सांगा. झाकणाचा प्रश्नच नाही.

आणि ते डबे! आईचं इडलीचं पीठ, वाटण, निवडलेली कोथिंबीर, सगळं त्याच डब्यांत. आता नवीन येणार नाहीत म्हटल्यावर तिने शेजारी डब्यातून काही द्यायचंच बंद केलंय. त्यातला एक मी भांडून परत मिळवला, बॉक्स आणला की आइस्क्रीम आधी त्यात काढतो. चौकोनी वीट गोल डब्यात मावत नाही, चारी कोपरे कापावे लागतात, ते ओट्यापाशी उभ्या उभ्या मीच खातो.