वजन शंभरच्या पुढे आणि डाउनहिलचा नाद: कोणती रिम घ्यावी?

"मजबूत पण हलकी रिम सांगा" असं डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून सायकल हाणणाऱ्या, वजनदार रायडरने विचारलं की आधी हिशेब मांडावा लागतो. माणूस १०५ किलो, हेल्मेट, पॅड, पाणी मिळून ५ किलो, सायकल १७ किलो. एकूण १२७. हलक्या आणि दणकट अल्युमिनियम रिममध्ये फरक पडतो तो एका चाकामागे फार तर १०० ग्रॅमचा, दोन्ही चाकांचा मिळून २००. रिम चाकाच्या कडेला फिरते, त्यामुळे वेग धरताना तिचं वजन जवळपास दुपटीने जाणवतं हे खरं. म्हणजे ४०० ग्रॅम धरा. १२७ किलोत ४०० ग्रॅम म्हणजे ०.३ टक्के. तालमीत जोर-बैठका मारलेल्या पायांना एवढा फरक कळणारही नाही. रिम चेपली तर मात्र त्याच क्षणी कळतं.

म्हणून माझं मत पहिल्यांदाच सांगतो: मागच्या चाकात हलकेपणा शोधायच्या भानगडीत पडू नका. हलकं करायचंच असेल तर पुढचं चाक थोडं हलकं करा. बाकीची तुलना याच पायावर आहे.

आपल्या बेळगाव भागात रिमची परीक्षा घेणारा दगड तीन तऱ्हेचा. जांबोटी, कणकुंबीकडे जांभा. पावसाळ्यात तो ओला, शेवाळलेला आणि वर बोचरा असतो. वरची माती वाहून गेली की गाडीवाटेत त्याचे कंगोरे उघडे पडतात. निपाणी, चिक्कोडीकडे काळा पाषाण, तिथे बांधावरचे गडगे ढासळून वाटेत आलेले सुटे गोटे. आणि गोकाक, सौंदत्तीकडे वाळूच्या दगडाचे पायरीसारखे सरळ कापलेले थर. रिमचा खरा शत्रू ही सरळ कापलेली धार. गोल गोट्यावरून टायर घसरतो किंवा उडतो. पायरीच्या धारेवर तो रिमच्या ओठापर्यंत, म्हणजे टायर अडकतो त्या कडेपर्यंत, दबतो आणि माणसाचं सगळं वजन दोन-तीन सेंटीमीटर जागेवर येतं. सौंदत्तीच्या डोंगराकडे वारंवार जाणाऱ्याने आणि फक्त राजहंसगडाच्या आसपास फिरणाऱ्याने एकच रिम घ्यायचं कारण नाही.

अल्युमिनियम रिम तीन प्रकारे हात टेकते. पहिला, ओठ चेपतो. टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला, असेल तर तिथून हवा आणि सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) पाझरू लागतं. पान्ह्याने ओठ हळूहळू सरळ करून घरी परतता येतं, पुढे काही राइडही निघतात. दुसरा, चाक आऊट होतं, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डगमगतं. थोडा आऊट तारा कसून निघतो, पण रिमच वाकली असेल तर तारांचा ताण एका बाजूला जास्त, एका बाजूला ढिला असाच राहतो आणि मग तारा तुटायला लागतात. तिसरा प्रकार वाईट: तारेच्या भोकाभोवती बारीक भेगा. त्या चिखलात दिसत नाहीत. जड रायडरच्या मागच्या चाकाला त्या लवकर येतात, कारण प्रत्येक फेऱ्यात तारेचा ताण कमी-जास्त होत राहतो. चाक धुतल्यावर फडक्याने पुसून भोकं बघायची सवय असावी, विशेषतः फ्रीव्हीलच्या बाजूची.

आता तुलना. डीटी स्विस कंपनीच्या तीन रिम समोर ठेवतो, कारण तिघींचीही आतली रुंदी ३० मिलिमीटर आहे, त्यामुळे २.४ ते २.५ इंची टायर तिन्हींवर सारखाच बसतो आणि फरक फक्त धातूचा उरतो. एक्सएम ४८१ ही ट्रेलसाठीची, म्हणजे साध्या डोंगरवाटांसाठीची, २९ इंचात पाचशे ग्रॅमच्या किंचित पुढे. ईएक्स ५११ एंड्युरोसाठी, म्हणजे ट्रेल आणि डाउनहिलच्या मधल्या प्रकारासाठी, साडेपाचशेच्या थोडी वर. एफआर ५४१ डाउनहिलसाठी, सहाशेच्या आसपास. एक्सएम जड माणसाने मागे लावू नये, विषय संपला. पुढे लावली तर चालेल, पण हात हलका हवा आणि उडी मारल्यावर पुढचं चाक आधी टेकवायची खोड नको.

खरा प्रश्न ईएक्स आणि एफआरमध्ये येतो. १०० किलोपर्यंतचा रायडर, टायरची केसिंग (टायरचं कापडी अंग) जाड आणि हवा बरोबर, तर मागे ईएक्स पुरते. शंभरीच्या पुढे एफआर घ्या. पन्नास-साठ ग्रॅमला जागा आहे ना? रात्री जेवताना एक भाकरी कमी खाल्ली की भरपाई झाली. या रिमसोबत निपलखाली (तार रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटाखाली) बसवायचे छोटे वॉशर येतात, ते भोकाभोवतीचा ताण पसरवतात. चाक बांधणाऱ्याने ते डब्यात राहू दिले नाहीत ना, एवढं बघा. मी ते डब्यातच उरलेले पाहिले आहेत.

स्टॅन्सची फ्लो ईएक्स३ हा दुसरा पर्याय. आतली रुंदी २९ मिलिमीटर, वजन सहाशेच्या पुढे. तिचे ओठ बुटके असतात, त्यामुळे ट्यूबलेस टायर नीट बसतो. स्पँकच्या व्हायब्रोकोर रिममध्ये पोकळीत फोम भरलेला असतो, हाताला येणारी थरथर कमी व्हावी म्हणून. जड रायडरला त्याचा फायदा पुढच्या चाकात होईल, मागच्या चाकाच्या निर्णयात मी त्याला फार वजन देणार नाही.

वर्ल्ड कपच्या डाउनहिलमध्ये बरीच वर्षं ईएक्स ४७१ ही २५ मिलिमीटरची, तुलनेने हलकी रिम दिसायची, आणि ती बघून कित्येकांनी मागवली. त्या रेसरच्या मागे मेकॅनिक उभा असतो, चेपलेली रिम पुढच्या रनच्या आधी बदलली जाते. आपल्याला ती रिम दिवाळीपर्यंत चालवायची असते.

कार्बनचं काय? तिचा मोठा गुण म्हणजे ती चेपत नाही आणि आऊट होत नाही. एक तर धक्का पचवते, नाही तर तडकते. चांगली कार्बन रिम दणकट अल्युमिनियमपेक्षा एका चाकामागे शंभरएक ग्रॅम हलकी भरते, म्हणजे "मजबूत पण हलकी" याचं उत्तर कागदावर हेच. सांताक्रूझची रिझर्व्ह रिम पहिल्या मालकाला आजीवन वॉरंटीसह मिळते. झिपची थ्री झीरो मोटो वेगळ्या पद्धतीने बनवली आहे: इतर रिमसारखी आत पोकळी नाही, एकच भिंत, त्यामुळे ती धक्क्याला किंचित वळते.

पण बेळगावात बसून हा निर्णय घेताना वॉरंटीचा अर्थ नीट लावावा. वॉरंटीत रिम मिळते. ती परदेशातून येईपर्यंतचे आठवडे, कुरिअर, आयात शुल्क आणि चाक पुन्हा बांधायचा खर्च बहुतेक वेळा आपला असतो. नवी रिम येईपर्यंत अर्धा पावसाळा जातो, आणि आपल्याकडे खरी मजा पावसाळ्याच्या शेवटाला. शिवाय एका कार्बन रिमच्या पैशात तीन-चार चांगल्या अल्युमिनियम रिम येतात. चोर्ला घाटाच्या बाजूला खाली उतरल्यावर अल्युमिनियम चेपली तर पान्हा काढून निघता येतं. कार्बन तडकली तर सायकल खांद्यावर. ज्याच्याकडे दुसरं तयार चाक घरी टांगलेलं आहे त्याने कार्बन खुशाल घ्यावी. बाकीच्यांनी तोच पैसा तारा, हब (चाकाचा मधला तुंबा) आणि टायरमध्ये घालावा.

तारांबद्दल थोडं सविस्तर, कारण जड माणसाचं चाक रिमपेक्षा बांधणीवर जास्त टिकतं. २८ भोकांची रिम नको, ३२ची घ्या. चार तारा आणि चार निपल मिळून वजन तीस-पस्तीस ग्रॅम वाढतं, ताकदीतला फरक त्याच्या कितीतरी पट. ३६ भोकांच्या रिम या रुंदीत क्वचित मिळतात, मिळाली तर हबही ३६चा लागतो. तारा मधे बारीक आणि टोकांना जाड असलेल्या घ्याव्यात, म्हणजे डबल बटेड: २.०, १.८, २.० मिलिमीटर. सरसकट जाड तारेपेक्षा त्या जास्त टिकतात, कारण धक्क्याला मधला बारीक भाग ताणला जातो आणि कोपऱ्यावर, भोकापाशी कमी ताण येतो. मागच्या चाकात हबपाशी २.३ची जाड तार वापरता येते. निपल पितळेचे. अल्युमिनियमचे निपल आपल्या पावसात आणि सीलंटमध्ये खाऊन जातात, मग कसायला गेलं की गोल फिरतात. हबाशी वाकडी बसणारी तार घ्या, सरळ ओढीची नको. वाकडी तार बेळगाव किंवा कोल्हापूरच्या चांगल्या दुकानात मापाने मिळू शकते, सरळ तुटली तर ऑनलाइन मागवत बसावं लागतं.

तारेचा ताण साधारण ११० ते १२० किलो, रिमच्या कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत. ताण मोजायचं मीटर गावात सगळ्यांकडे नसतं. इथल्या एका जुन्या मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "मशीन सांगतंय, पण कान बी सांगतोय की." एका बाजूच्या तारा बोटाने छेडत गेलं आणि सगळ्या सारख्या वाजल्या तर ताण सारखा. एखादी बद्द वाजली की तिथे थांबायचं. तो हे करताना दुकानातला रेडिओ बंद करतो.

चाकाच्या मापाचाही फायदा घेता येतो. पुढे २९, मागे २७.५ अशी सायकल असेल तर मागच्या रिमचा व्यास ६२२ ऐवजी ५८४ मिलिमीटर, म्हणजे सहा टक्के कमी. तेवढ्याच ३२ तारा लहान घेरात येतात, चाक जास्त ताठ होतं आणि वजनही तीस-चाळीस ग्रॅम उतरतं. मजबुती आणि हलकेपणा दोन्ही एकदम मिळण्याची माझ्या पाहण्यातली हीच एक फुकटची जागा. फक्त सायकलची फ्रेम त्यासाठी बनलेली हवी, नाही तर बॉटम ब्रॅकेट (पेडल ज्यावर फिरतात तो आस) खाली येऊन पेडल जांभ्यावर आपटतात.

टायरच्या आत बसवायचा फोमचा इन्सर्ट? जाड प्रकारचा २९ इंची इन्सर्ट एका चाकाला पाव किलोच्या आसपास भरतो. ईएक्सवरून एफआरवर जाण्यापेक्षा हे चौपट वजन. तो उपयोगी आहे, पण नंबर शेवटचा. आधी हवा: १०५ किलोच्या माणसाने जाड केसिंगच्या ट्यूबलेस टायरमध्ये मागे ३०, पुढे २६ पीएसआयपासून सुरुवात करून दोन-दोनने बदलत जावं. मग टायर: डाउनहिल केसिंग साध्या केसिंगपेक्षा तीनशे ग्रॅम जड असते आणि ते तीनशे ग्रॅम वसूल होतात. मग रिम. एवढं करूनही मागचा ओठ चेपतच असेल, तर फक्त मागे इन्सर्ट.

खरेदीपूर्वी वजनाची मर्यादा वाचा. बऱ्याच कंपन्या १२० किंवा १३० किलो लिहितात आणि त्यात सायकल, माणूस, बॅग सगळं धरलेलं असतं. १२० किलोचा माणूस १७ किलोच्या सायकलवर बसला की दोन्ही मर्यादा मोडल्या. अशांनी ई-एमटीबी, म्हणजे मोटर असलेल्या डोंगरी सायकलसाठीच्या चाकांकडे बघावं. डीटी स्विसच्या हायब्रिड मालिकेची मर्यादा १५० किलो आहे आणि ती चाकं मोटर नसलेल्या सायकलला लावायला अडचण फक्त हबच्या मापाची.

म्हणजे माझी यादी अशी. ९० ते १०० किलो: दोन्हीकडे ईएक्स ५११, ३२ भोकं. १०० ते ११५, सगळं मिळून रिमच्या मर्यादेत बसत असेल तर: मागे एफआर ५४१ किंवा फ्लो ईएक्स३, पुढे ईएक्स ५११. त्यापुढे हायब्रिड चाक, मागे इन्सर्टसह. मागवताना ईआरडी, म्हणजे तारांची लांबी ज्यावरून ठरते तो आतला व्यास, लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच ईआरडीची रिम मिळाली तर जुन्या रिमला नवी टेपने बांधून तारा एकेक करून सरकवता येतात, हब मोकळा करावा लागत नाही आणि तारांचा खर्च वाचतो. नवीन चाकाच्या पहिल्या दोन-तीन राइडनंतर तारा बसतात आणि ताण उतरतो, तेव्हा मिस्त्रीकडून एकदा कसून घ्या; बरेच मिस्त्री याचे वेगळे पैसे घेत नाहीत.