भाताच्या करप्यावर स्यूडोमोनास पावडर: शहापूर-मुरबाडच्या खाचरांत कितपत चालते?
स्यूडोमोनास या उपयुक्त जिवाणूची टाल्कमधली (शंखजिऱ्यातली) भुकटी, एक किलोचं पाकीट. बियाण्याला किलोमागे १० ग्रॅम चोळायची, लावणीआधी रोपांची मुळं द्रावणात अर्धा तास बुडवायची. खरा उपयोग इथेच. फवारणीत टाल्क तळाला बसतं नि नोझल तुंबतं; फडक्यातून गाळा, पंप हलवत राहा, उन्हं उतरल्यावरच मारा. सोबत स्ट्रेप्टोसायक्लीन (प्रतिजैविक) किंवा ताम्रयुक्त औषध मिसळलंत तर जिवाणू मरतात, पैसे पाण्यात. पानांवर करप्याचे होडीच्या आकाराचे, मध्ये राखाडी ठिपके पसरल्यावर हिच्याकडून चमत्कार मागू नका. त्यात युरिया जास्त पडला असेल तर नाहीच. दुकानात पाकिटं उन्हात ठेवलेली दिसली तर सरळ मागे फिरा. मुदतीची तारीखही वाचा. पाचपैकी साडेतीन.