सात महिने स्प्रिंगच्या एअर रायफलसोबत: दोष स्वस्त छर्ऱ्यांचा होता

२०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्य जिंकलं आणि आमच्या पोरीने रायफलचा हट्ट धरला. दिवाळीला घेतली. देशी, नळी सांध्यावर खाली मोडून (दुमडून) ताणायची, स्प्रिंगवर चालणारी, ४.५ मिलिमीटरची. ताकद २० ज्यूलच्या आत, म्हणून परवाना लागत नाही. नागपुरातल्या महाल भागात आमच्या वाड्यात ओसरीपासून मागच्या भिंतीपर्यंत दहा मीटर भरतात. भिंतीपाशी चिंध्या ठासलेली जाड पत्र्याची पेटी ठेवली आणि सराव सुरू झाला.

रायफलसोबत आलेला डबा संपेपर्यंत पाच छर्ऱ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या पाच भोकांचा पसारा, रुपयाच्या नाण्याखाली झाकला जायचा. मग मी निम्म्या दराचं सुटं पाकीट आणलं. एक छर्रा नळीत टाकला की आपोआप आत घसरायचा, दुसरा अंगठ्याने रेटावा लागायचा आणि नळी बंद करताना त्याची कड कातरली जायची. प्रत्येक बाराचा आवाज वेगळा. ग्रुप वाटीएवढा पसरला. पोरगी रडवेली झाली, तिला वाटलं आपला हातच बिघडला.

मी रायफललाच दोष दिला. दस्त्याचे स्क्रू आवळले. ते खरंच सैल झाले होते, स्प्रिंगच्या रायफलीत धक्क्याने होतातच. मग नळी जिथे मोडते त्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी धरून पेटीत बार काढला. पट्टी फडफडली, म्हणजे तिथून हवा सुटत होती. सील बदललं. फरक पडला, पण थोडाच. आता स्प्रिंग बदलायची असं ठरवून दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने पाकिटातले दहा छर्रे तळहातावर घेतले आणि म्हणाला, "भाऊ, रायफलले काही नाही झालं. हे छर्रे पाहा. स्प्रिंगले हात काहून लावता?"

त्याचं ऐकलं ते बरं झालं. दाबलेली स्प्रिंग घरी पान्याने सोडवायची वस्तू नव्हे.

इतवारीत ओळखीच्या सराफाच्या काट्यावर पन्नास छर्रे तोलले. पाकिटावर ०.५३ ग्रॅम लिहिलेलं. हाती आले ०.४६ पासून ०.५५ पर्यंत. सात-आठांचा मागचा पोकळ घेर चेपलेला होता. हा घेरच हवेच्या दाबाने फुलून नळीच्या आट्यांना धरतो. तो वाकडा असला की हवा बाजूने निसटते आणि छर्रा डगमगत जातो. त्याहून वाईट म्हणजे सैल छर्रा पिस्टनला, म्हणजे स्प्रिंगने ढकललेल्या दट्ट्याला, पुरेसा विरोध करत नाही, पिस्टन पुढे जाऊन आपटतो. रिकामी रायफल चालवण्यासारखंच ते. पैसे वाचवताना मी रायफलचं आयुष्य खात होतो, याचं अजून वाईट वाटतं.

नळीत शिसं बसलं होतं. लोखंडी सळई न घालता फेल्टच्या गोळ्यांनी साफ केली. मग तीन वेगळे डबे आणले आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. जर्मन बनावटीच्या सपाट तोंडाच्या छर्ऱ्यांनी ग्रुप परत नाण्याखाली आला. पहिले दहा-पंधरा बार मात्र इकडेतिकडे गेले; साफ केल्यावर नळीला बसायला तेवढे लागतात.

मित्राकडे मॅगझिनची पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल आहे. तिच्यात असाच चेपका छर्रा फिरत्या चकतीत अडकतो आणि लिव्हर पुढे सरकतच नाही. तिथे जोर लावू नका, मॅगझिन काढून छर्रा बाहेर घ्या. आणि कुठल्याही रायफलीत छर्रा नळीतच राहिला असेल, तर त्याच्यामागे दुसरा मारायचा नाही.

एप्रिलमध्ये आपल्याकडचा कूलर सुरू झाला तेव्हा नवीन दुखणं निघालं. झाकण उघडं राहिलेल्या डब्यातल्या चांगल्या छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी धरली. दमट हवेत शिशाचं तसंच होतं. तो अख्खा डबा फेकला. आता डबे कूलरच्या खोलीत ठेवत नाही, आत सिलिका जेलची पुडी असते आणि सरावानंतर पोरगी साबणाने हात धुतल्याशिवाय पोह्यांना शिवत नाही.

ही रायफल पुन्हा घेईन का? हो, हीच. पण छर्ऱ्यांचे पैसे तिच्या किमतीत आधीच धरून. मे महिन्यात, बाहेर ऊन तापलेलं असताना, पोरीने भर दुपारी ओसरीवरून पाचही छर्रे एकाच भोकात घातले. तो कागद देवघराशेजारी लावला आहे.