शब्दांच्या जाती: व्याख्येतून शिकवाव्यात की वाक्यातून?

इंग्रजी व्याकरण शिकवताना शब्दांच्या आठ जातींच्या व्याख्या आधी पाठ करून घ्याव्यात, की वाक्यात शब्द कोणते काम करतो ते पाहून जात ओळखायला शिकवावे, हा प्रश्न मराठी माध्यमाच्या शिक्षकाला टाळता येत नाही. व्याख्यांच्या मार्गाची सोय अशी, की नाम, सर्वनाम, विशेषण या संज्ञा मुलांना मराठीच्या तासाला भेटलेल्या असतात. मात्र इंग्रजीत शब्दाचे रूप तेच राहून जात बदलते, आणि तेथे पाठांतर अपुरे पडते. ‘आय ड्रिंक वॉटर’ या वाक्यात ‘वॉटर’ हे नाम आहे, तर ‘आय वॉटर द प्लांट्स’ या वाक्यात तोच शब्द क्रियापद आहे. ‘पाणी’ आणि ‘पाणी घालणे’ असा भेद करण्याची सवय असलेल्या मुलाला हे दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहिल्याशिवाय पटत नाही. तसेच ‘टेबलावर’ या शब्दातील ‘वर’ नामाला मागून जोडले जाते, ‘ऑन द टेबल’मध्ये मात्र ‘ऑन’ नामाच्या आधी सुटे येते, आणि मधल्या ‘द’ला तर मराठीत जोडीदारच नाही. म्हणून माझा कल वाक्याकडे आहे. अशी पंधरा-वीस वाक्ये हाताळून झाल्यावर व्याख्या द्यावी, म्हणजे मूल ती स्वतःच्या शब्दांत सांगू शकते.