स्वतंत्र परिषद की मोठ्या परिषदेला जोडलेली कार्यशाळा?

कर्करोग संशोधनातील संगणकीय पद्धतींवर परिषद भरवायचे ठरले की आयोजकांची पहिली बैठक बहुधा सभागृह, तारखा आणि प्रमुख वक्ते यांतच संपते. माझ्या मते त्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावायला हवा: येथे सादर होणारे काम पुढे कोणत्या रूपात प्रसिद्ध होणार? संगणकशास्त्रात परिषदेने स्वीकारलेला शोधनिबंध हेच पक्के प्रकाशन मानले जाते. जीवशास्त्रज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ मात्र परिषदेला गोषवारा पाठवतात आणि पूर्ण निबंध नियतकालिकासाठी राखून ठेवतात. त्यामुळे पूर्ण निबंधांची अट घातली तर डॉक्टर मंडळी फिरकत नाहीत, आणि नुसते गोषवारे मागवले तर संगणकशास्त्रातील तरुण संशोधकाला प्रवासखर्च मंजूर करून घेताना नाकी नऊ येतात. स्वतंत्र परिषद आणि जोडकार्यशाळा यांची तुलना या अडचणीच्या संदर्भातच केली पाहिजे.

जोडकार्यशाळेची सोय उघड आहे. सभागृह, नोंदणी आणि निवास यांची व्यवस्था मूळ परिषदेने केलेली असते, श्रोतेही आयते मिळतात, आणि आयोजकांकडे मुख्यतः कार्यक्रम आखण्याचे काम उरते. १९९७ पासून भरणाऱ्या ‘रिकॉम्ब’ या संगणकीय जीवशास्त्राच्या परिषदेला जोडून कर्करोगजीवशास्त्रावरची उपपरिषद होते, ती याच धर्तीवर. मात्र आयते श्रोते म्हणजे एकाच बाजूचे श्रोते. रिकॉम्बला आलेल्यांना अल्गोरिदमची सिद्धता समजते, पण गाठीचा नमुना शस्त्रक्रियेनंतर किती वेळ तसाच पडून होता, हे विचारणारा माणूस तेथे विरळाच. उलट अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्चच्या वार्षिक अधिवेशनाला वीस हजारांहून अधिक लोक येतात. तेथे पद्धतीच्या बारकाव्यांवरचे सत्र गर्दीत हरवून जाण्याची भीती असते. शिवाय मूळ परिषदेच्या तारखा आपल्या हातात नसतात. २०२५ मध्ये ही दोन्ही संमेलने एप्रिलच्या अखेरीस एकमेकांवर आली, आणि दोन्हीकडे जाऊ इच्छिणाऱ्याला एकाचीच निवड करावी लागली.

स्वतंत्र परिषदेत तारखा, विषयांची विभागणी आणि समीक्षक समिती हे सारे आपले असते, पण जबाबदारीही आपलीच. सभागृहाची अनामत रक्कम नोंदणी शुल्क जमा होण्याच्या बऱ्याच आधी भरावी लागते, आणि नोंदणी अपेक्षेपेक्षा कमी झाली की तूट यजमान संस्थेच्या माथी येते. तरीही या पर्यायाचे एक बलस्थान मला निर्णायक वाटते: समीक्षक समितीत अर्ध्या जागा पॅथॉलॉजिस्ट, कर्करोगतज्ज्ञ आणि प्रयोगशाळेतील संशोधकांना देता येतात.

याचे महत्त्व पोस्टरपुढे उभे राहिले की कळते. समजा, पेशीसमूहाच्या स्लाइडवरून कर्करोग ओळखणाऱ्या संगणकीय प्रारूपाचा, ते कोणत्या भागावरून निर्णय देते हे दाखवणारा रंगीत नकाशा लावलेला आहे, त्यातला सर्वांत तांबडा भाग प्रस्तुतकर्ता अभिमानाने दाखवतो आहे, आणि शेजारचा पॅथॉलॉजिस्ट शांतपणे सांगतो की ती गाठ नसून स्लाइडवर पेनाने केलेली खूण आहे. असे घडू शकते, कारण प्रारूपे अशा खुणांवरून शिकतात. ‘द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस’ या २००६ मध्ये सुरू झालेल्या, ३३ प्रकारच्या कर्करोगांचे अकरा हजारांहून अधिक रुग्णांचे नमुने असलेल्या प्रकल्पाच्या स्लाइडांवरून तर नमुना कोणत्या रुग्णालयातून आला हेसुद्धा प्रारूपाला ओळखता येते, असे आढळले आहे. अनेक निबंध याच संचावर आधारलेले असतात. म्हणून प्रत्येक निबंधाचा एक तरी समीक्षक रुग्णालयात काम करणारा असावा. जोडकार्यशाळेतही हे जमते, मात्र मूळ परिषदेचे वेळापत्रक घट्ट असल्याने समीक्षेला मिळणारे आठवडे डॉक्टरांना बहुधा अपुरे पडतात.

तिसरा मार्ग छोट्या निवासी बैठकीचा. अशाच स्वरूपाच्या, विज्ञानातील नव्या संशोधनावरच्या गॉर्डन परिषदांमध्ये ऐकलेले बाहेर उद्धृत करायचे नाही असा नियम आहे, त्यामुळे अप्रकाशित निष्कर्षांवर मोकळी चर्चा होते. प्रकाशन हाती लागत नाही, तेव्हा नवख्या संशोधकांसाठी हा पहिला पर्याय नव्हे.

प्रकाशनाचा पेच सुटतो तो दुहेरी प्रवेशाने: पूर्ण निबंध एका मार्गाने घ्यावेत, आणि नियतकालिकात आधीच छापून आलेल्या कामाचे गोषवारे दुसऱ्या मार्गाने. आयएसएमबी या संगणकीय जीवशास्त्राच्या परिषदेचे पूर्ण निबंध ‘बायोइन्फॉर्मॅटिक्स’ या नियतकालिकाच्या अंकात येतात, म्हणजे दोन्ही गटांच्या हिशेबात ते मोजले जातात. अशा करारासाठी संपादकांशी फार लवकर बोलावे लागते, त्यामुळे पहिल्याच वर्षी तो जमेल असे धरून चालू नये.

पाच-सहा उत्साही संशोधक, तुटपुंजा निधी आणि डॉक्टरांशी नुकताच झालेला परिचय एवढेच भांडवल असेल, तर पहिल्या वर्षी एखाद्या संगणकीय परिषदेला जोडून दोन दिवसांची, गोषवाऱ्यांवर आधारित कार्यशाळा घ्यावी आणि वाचलेल्या पैशांतून कर्करोगतज्ज्ञांचा प्रवासखर्च द्यावा. एखादे कर्करोग रुग्णालय यजमान म्हणून सोबत असेल, तर थेट स्वतंत्र परिषद घेणे योग्य. दोन्ही बाबतींत तारखा डॉक्टरांना सर्वांत आधी कळवाव्यात, कारण त्यांचे शस्त्रक्रियांचे आणि बाह्यरुग्ण विभागाचे दिवस आयत्या वेळी हलवता येत नाहीत.